उरलेले पाच सेट

"काका, अजून किती राहिलेत?" त्या पोराने विचारलं तेव्हा मी जिममध्ये नुकताच स्क्वॉटचा, म्हणजे बार खांद्यावर घेऊन मारायच्या बैठकांचा, पाचवा सेट संपवून बार रॅकवर टेकवत होतो, घाम थेट डोळ्यात गेलेला, आणि काका हा शब्द नीट पचायच्या आतच मी बोलून गेलो, "पाच." तो बघतच राहिला. आधी वैतागून, कारण रॅक एकच आणि त्याचा लेग डे, आणि मग जरा कीव आल्यागत. "पाच झालेत ना? आणि अजून पाच?" म्हटलं हो, दहा बाय दहा चाललंय, दहा सेट आणि प्रत्येकात दहा काउंट, म्हणजे दहा बैठका. मग त्याने एका कानातला इयरबड काढला आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "पण काका, पाच मारा नाहीतर दहा मारा, रिझल्ट तोच येतो. रिसर्च आहे त्यावर. वरचे पाच जंक असतात, नुसते फुकट." एवढं बोलून लेग प्रेसकडे निघून पण गेला. उद्धटपणा अजिबात नव्हता त्यात, उलट आपण एका वयस्कर माणसाचं भलं केलं असं काहीतरी त्याच्या चालण्यात होतं. मी सहावा सेट मारला, सातवा मारला, आणि प्रत्येक वेळी खाली जाताना डोक्यात एकच शब्द. जंक.

आमची जिम बेसमेंटमध्ये आहे, वर किराणा दुकान. पावसाळ्यात ओल्या रबर मॅटचा वास आणि वरून झिरपणारा हिंग-मसाल्याचा वास असा काही एक होतो की पहिल्या दिवशी मळमळतं आणि नंतर त्याशिवाय व्यायाम केल्यासारखं वाटत नाही. भिंतीवर मारुतीचा फोटो, शेजारी कुठल्यातरी ऑइल लावलेल्या गोऱ्या बॉडीबिल्डरचं पोस्टर, दोघांनाही एकच माळ. अशा ठिकाणी एकुलता एक स्क्वॉट रॅक अडवून ठेवणं हा खरंच गुन्हा आहे, मला मान्य आहे. हिशोबच बघा ना. चार सेकंदात खाली, दोन सेकंदात वर, म्हणजे एक काउंट सहा सेकंदांचा, दहा काउंटचा सेट एक मिनिटाचा, मग दीड मिनिट थांबायचं. असे दहा. म्हणजे बारखाली दहा मिनिटं आणि बारच्या बाहेर उभं राहून छताकडे बघत साडेतेरा. बारवर साठ किलो. शंभर काउंट गुणिले साठ, झाले सहा हजार किलो. सहा टन वर-खाली केले आणि बार होता तिथेच. आणि गंमत अशी की साठ किलो हे वजन बघून कुणी थांबून बघत पण नाही. शेजारी एखादा शंभर लावून तीन काउंट मारतो, तेही अर्धे, तर त्याचा व्हिडिओ काढायला दोन मित्र असतात.

हे असलं कुणी का करतं हे ज्याने पहिलं वर्ष पार केलंय त्यालाच कळेल. पहिलं वर्ष म्हणजे नुसती चैन असते. दर वेळी बारला अडीच किलो जास्त, आठवड्यातून तीनदा, काही विचार करायचा नाही. कुणी कागदावर मांडलं तर रिकाम्या बारपासून सुरुवात करून वर्षाच्या शेवटी माणूस चारशे किलोचा स्क्वॉट मारायला पाहिजे. मारत कुणीच नाही. कधीतरी एका सोमवारी बार खाली जातो आणि वर येत नाही, पुढच्या सोमवारी पण येत नाही, मग तुम्ही झोप वाढवता, अंडी वाढवता, बूट बदलता, मग सर म्हणतात "टेक्निक बघू," आणि टेक्निक ठीकच असतं. संपलेलं असतं ते नवखेपण. तिथून पुढे वजन महिन्यांनी वाढतं, तेही लाडीगोडी लावून. ना नवशिके ना पैलवान अशी ही अधली-मधली जात, आणि व्हॉल्यूमचे, म्हणजे जास्त सेट आणि जास्त काउंटचे, सगळे प्रोग्रॅम याच जातीसाठी लिहिलेत. वजन वाढत नाही ना, मग काम वाढवा.

कामाचे पण प्रकार आहेत. माझा एक मित्र स्मोलोव्ह नावाच्या रशियन प्रोग्रॅमच्या नादी लागला होता, आठवड्यातून चार दिवस नुसते स्क्वॉट, सोमवारी चार सेट नऊ-नऊ काउंटचे, मग पाच बाय सात, मग सात बाय पाच, शनिवारी दहा बाय तीन, टक्केवारी सत्तरपासून पंच्याऐंशीपर्यंत चढत जाते. त्या दिवसांत तो बोलायचा पण कमी. जिम वेंडलर नावाच्या अमेरिकन लिफ्टरचं बोअरिंग बट बिग नावाचं प्रकरण जरा माणसातलं आहे, मेन लिफ्ट, म्हणजे त्या दिवसाचा मुख्य व्यायाम, झाली की त्याच लिफ्टचे हलक्या वजनाने पाच बाय दहा, आणि नावातच सांगून टाकलंय की कंटाळा येईल. पण या सगळ्यात बदनाम म्हणजे हे दहा बाय दहा, जर्मन व्हॉल्यूम ट्रेनिंग. कॅनडाचा कोच चार्ल्स पोलिक्विन, २०१८ मध्ये गेला, त्याने नव्वदच्या दशकात ते सगळीकडे पोचवलं. तो सांगायचा की सत्तरच्या दशकात जर्मनीचा वेटलिफ्टिंग कोच रोल्फ फेझर ऑफ सीझनमध्ये आपल्या लिफ्टरांकडून हे करून घ्यायचा, बारा आठवड्यांत माणूस वरच्या वजन गटात जायचा म्हणे. कॅनडाचा जॅक डेमर्स, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा रौप्यपदकवाला, त्याच्या मांड्या याच पद्धतीने झाल्या असंही पोलिक्विनच सांगायचा. नियम थोडेच आहेत. एक काउंट जेवढ्या वजनाने जमतो त्याच्या साठ टक्के घ्या, सगळे दहाच्या दहा सेट दहाने पूर्ण झाले की मगच चार-पाच टक्के वाढवा, आणि रेस्ट घड्याळ लावून. मोबाइलवर रील बघत नाही.

तर त्या रात्री जेवण झाल्यावर मी तो रिसर्च शोधला. पोरगं खरं बोलत होतं.

२०१७ साली सिडनी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी याच प्रोग्रॅमची परीक्षा घेतली. एकोणीस पुरुष, सहा आठवडे, एका गटाला मेन व्यायामाचे दहा सेट आणि दुसऱ्याला पाच, बाकी सगळं सारखं. पाचवाल्यांचं मांस कमी वाढलं नाहीच, हात आणि धड यांच्या बाबतीत उलट पाचवालेच पुढे, बेंच प्रेस आणि लॅट पुलडाउनची ताकद पण पाचवाल्यांचीच जास्त वाढली. शेवटी त्यांनी लिहिलंय की एका व्यायामाचे चार ते सहा सेट पुरे, त्यापुढे वाढ अडते आणि कदाचित मागे पण जाते. एकोणीस माणसं म्हणजे आमच्या संध्याकाळच्या बॅचपेक्षा कमी, असं मी स्वतःशी पुटपुटलो, पण ते पुटपुटणं हरलेल्या माणसाचं होतं. मग अजून खोदत गेलो तर त्याहून मोठी गंमत सापडली. १९४५ मध्ये शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलमधल्या थॉमस डिलॉर्म नावाच्या डॉक्टरने, युद्धातून गुडघे मोडून आलेल्या सैनिकांना वजनं उचलायला लावून बरं करण्याबद्दल लिहिलं. तेव्हा सगळे म्हणत होते की जखमी सांध्याला आराम द्या. आणि त्याने काय दिलं, तर दहा-दहा काउंटचे सात ते दहा सेट! म्हणजे जर्मनांच्या कितीतरी आधी. आणि तीनच वर्षांत, १९४८ मध्ये, वॉटकिन्स नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यानेच लिहिलं की एवढे नकोत, तीन सेट बास, पहिला अर्ध्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज नवीन पोरगं जिमला आलं की सर कार्डावर डोळे झाकून तीन बाय दहा लिहितात, त्याची पाळंमुळं तिकडे आहेत. म्हणजे हे वरचे सेट एकदा १९४८ मध्ये काढून टाकले होते, मग सत्तरीत कुणीतरी परत आणले, नव्वदीत गाजले, २०१७ मध्ये परत काढून टाकले. आणि तरी मी पावसाळ्यात बेसमेंटमध्ये ते मारत उभा.

आता याचा अर्थ जास्त सेट मारणं हा सगळाच मूर्खपणा असा कुणी काढेल तर तेही खरं नाही. ब्रॅड शोनफेल्ड या अमेरिकन संशोधकाचा आणि त्याच्या मंडळींचा २०१९ चा प्रयोग आहे, चौतीस मुरलेले गडी, एक गट प्रत्येक व्यायामाचा एक सेट, दुसरा तीन, तिसरा पाच. आठ आठवड्यांनी ताकद तिघांचीही जवळपास सारखीच वाढली, आणि एक सेटवाले तर तेरा मिनिटांत घरी जात होते! पण मांस मात्र ज्याचे सेट जास्त त्याचं जास्त. म्हणजे आठवड्याचं काम वाढवण्यात तथ्य आहे. दहा बाय दहाचा दोष एवढाच की ते सगळं काम एका व्यायामात, एका संध्याकाळी, एका रॅकवर कोंबायला जातं. तेच शंभर काउंट दोन दिवसांत वाटले, थोडे स्क्वॉटला थोडे लंजला दिले, तर शहाणपणाचं होईल. मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आणि सांगताना अगदी जबाबदार माणसाचा चेहरा करतो.

पण उरलेले पाच सेट जंक, यात मला एक गोची दिसते, ती त्या पोराला तिथेच सांगायला पाहिजे होती, पण दम लागलेला असताना कोण वाद घालणार. साठ टक्के वजनाने माणूस वीसच्या आसपास काउंट मारू शकतो. मी दहाला थांबतो. म्हणजे पहिल्या सेटला टाकीत अजून दहा शिल्लक असतात, दुसऱ्याला पण जवळपास तेवढेच, पायांना कळतसुद्धा नाही की काही चाललंय. आणि स्नायू वाढायचा तर सेट शेवटाला जड झाला पाहिजे, आता मारवत नाही अशा टोकाच्या जवळ गेला पाहिजे, हे तर आता सगळेच मान्य करतात. ते जड होणं कधी सुरू होतं, तर सहाव्याला. म्हणजे फुकटचे असलेच तर पहिले पाच! आणि ते काढता येत नाहीत, कारण ते मारल्याशिवाय सहावा सहावा होत नाही. तिसरी चपाती खाऊन पोट भरलं म्हणून पहिल्या दोन लाटल्याच नसत्या तर चाललं असतं, असं म्हणण्यातली ही गत. बरोबर उपाय म्हणजे वजन वाढवून पाचच मारणं. ते मला माहीत आहे. माहीत असून मी साठच लावतो.

का, हे सांगायचं तर सहा ते दहामध्ये काय होतं ते सांगायला पाहिजे. पाचपर्यंत डोकं चालू असतं. ऑफिसचं मेल, पोरीची फी, समोरचा माणूस डेडलिफ्ट किती वाकड्या पाठीने मारतोय, सगळं दिसतं. सहाव्याला मांड्यांमध्ये गरम काहीतरी भरायला लागतं आणि दीड मिनिटाची रेस्ट अचानक चाळीस सेकंदांची झाल्यासारखी वाटते, घड्याळ तेच असतं. सातवा सगळ्यात वाईट. सातव्याला सातव्या काउंटला थांबून बार खांद्यावर घेऊन नुसतं उभं राहावं लागतं, नाकातून वारा काढत, आणि तेव्हा स्वतःबद्दल जे विचार येतात ते लिहिण्यासारखे नसतात. आणि मग आठवा किंवा नववा चक्क सोपा जातो. पोलिक्विन म्हणायचा की मज्जासंस्था तेवढ्यात जुळवून घेते म्हणून असं होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर तोपर्यंत तक्रार करणारा जो कुणी आत असतो तो कंटाळून निघून गेलेला असतो. गाणं कुठलं लागलंय कळत नाही, हिंगाचा वास येत नाही, फक्त काउंट. दहावा कसा झाला ते कधीच आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं, बाकावर बसून बुटाची लेस सोडायला वाकता न येणं.

या कंटाळ्याची मला भीती वाटत नाही याचं कारण बहुतेक तात्या. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वाळव्याकडचे, तरुणपणी कोल्हापूरला तालमीत राहून आलेले. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते साठीच्या पुढे होते, कान दोन्ही मोडलेले, आणि गोठ्यामागच्या पडवीत पहाटे बैठका मारायचे. मी सुट्टीत गेलो की मला खडे सरकवायचं काम. पंचवीस बैठका झाल्या की एक खडा डावीकडून उजवीकडे. बोलायचं नाही. मला झोप यायची, खडा सरकवायचा राहायचा, तर ते न थांबता नुसतं "हूं" म्हणायचे आणि मी दचकून सरकवायचो. गावातल्या तालमीची लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं, तो वास त्यांच्या जुन्या लंगोटाच्या पिशवीला होता असं मला आठवतं, किंवा ते मी मागून जोडलं असेल. ते गामा पैलवानाचं सांगायचे, रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर. खरं खोटं देव जाणे, पण एका बैठकीला दोन सेकंद धरले तरी पाच हजारांना पावणेतीन तास लागतात हे मी मोठेपणी काढलेलं गणित, आणि पावणेतीन तास हा काही अशक्य आकडा नाही, ज्याला दुसरं काही करायचंच नाही त्याच्यासाठी. तात्यांच्या मेहनतीत वजन वाढवायची सोयच नव्हती. कुणी कुणी गळ्यात दगडी कडं अडकवून बैठका मारायचे ते सोडा, पण बाकी सगळ्यांचं वजन म्हणजे स्वतःचं अंग. वाढवायचा तो आकडा. आज दोनशे, पुढच्या महिन्यात तीनशे. माझ्या वहीतला पहिल्या वर्षाचा प्रत्येक कॉलम किलोचा आहे, आणि तात्यांना किलो विचारला असता तर त्यांनी शेंगांचा भाव सांगितला असता.

हे सगळं छान वाटतंय ना लिहायला. पण दुसऱ्या दिवशीचं पण सांगतो. दुसऱ्या दिवशी काही नसतं, तिसऱ्या दिवशी सकाळी खाट सोडताना कळतं. जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी आडवं होत. स्कूटरला स्टार्टर आहे म्हणून बरं, किक मारायची असती तर ऑफिसला रजाच टाकावी लागली असती. आणि भूक! हे प्रोग्रॅम लिहिणारे सगळे स्टेक खाणारे, आमच्याकडे गुरुवार आणि संकष्टी आणि आता श्रावण, मग पनीर, मटकी, शेंगदाण्याचा कूट घातलेलं काहीही, दही, आणि रात्री परत भाकरी. आई फोनवर विचारते, "वजन कमी करायला जातोस की वाढवायला?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. माझ्या वयाला, माझ्या झोपेला, हा भार जास्त आहे हे गुडघे मधूनमधून सांगतात. मांड्या वाढल्या का? थोड्या. जीन्स मांडीत अडकते आणि कमरेला सैल होते, त्याचं शिंप्याला फार कौतुक.

जिममध्ये मात्र सध्या उलटी हवा आहे. माइक मेंट्झर हा अमेरिकन बॉडीबिल्डर जाऊन वीस वर्षांवर झाली, पण रील्समध्ये तो परत जिवंत झालाय, जाड मिशीवाला, एक सेट पूर्ण दम संपेपर्यंत मारा आणि घरी जा म्हणणारा. अर्नोल्डच्या वीस-वीस सेटच्या विरुद्ध तो तेव्हा उभा होता, आता आमच्या बेसमेंटमध्ये पोरं त्याच्या बाजूने भांडतात. रॅकवाल्या पोराच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर पण तोच. पण मी बघतो ना, सोमवारी चेस्ट असतं तेव्हा हाच गडी फ्लॅट बेंच, इन्क्लाइन, डिक्लाइन, फ्लाय आणि शेवटी केबल, प्रत्येकी चार सेट मारतो, आरशात बघत. वीस झाले की. त्याला जंक म्हणायचं नाही, तो पंप, म्हणजे स्नायू फुगवणं. मी काही बोललो नाही, कारण त्या वयात मीही असंच काहीतरी करत होतो आणि त्यातलं बरंचसं नुसतं मजा येते म्हणून होतं, आणि मजेला कुणी रिसर्च लावत नाही. हल्ली तो मला बघून मान हलवतो, माझे पाच झाले की मुद्दाम रॅकपाशी येऊन उभा राहतो. मी त्याला म्हटलं, मधल्या रेस्टमध्ये मार की तुझा सेट, प्लेट बदलायला मी मदत करतो. आता आम्ही तसंच करतो. त्याचे जड तीन-तीन काउंट, माझे हलके दहा-दहा, आणि प्लेटा काढता-घालता माझी रेस्ट दोन मिनिटांवर गेलीये, म्हणजे पुस्तकी नियमाने प्रोग्रॅम मोडलाच. त्यात मला आठवा सेट सोपा जायचा तो हल्ली जात नाही, कारण आत कुणी कंटाळून जायच्या आधीच "काका, वीस-वीसच्या काढा" अशी हाक येते.

घरी हा सगळा रिसर्च मी बायकोला वाचून दाखवला होता, तेव्हा ती कणकेत हात घालून होती. एकोणीस माणसं, सहा आठवडे, पाच आणि दहा, डिलॉर्म, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पाच मारले तरी तेवढंच होतं?" म्हटलं हो, कदाचित थोडं जास्तच. "मग अरे पाचच मार ना, आणि त्या उरलेल्या वेळात येता येता दळण घेऊन ये, गिरणी साडेआठला बंद होते." याला काही उत्तर नाही. हा प्रोग्रॅम तसाही जन्मभर करायचा नसतो, पाच-सहा आठवडे झाले की थांबून जड वजनाच्या कमी काउंटकडे जायचं असतं. माझे दोन आठवडे राहिलेत. तोवर डबा सकाळी ऑफिसला जातानाच गिरणीत टाकतोय, ज्वारीचा वेगळा, गव्हाचा वेगळा.